युरो ट्रक सिम्युलेटर २: मॉड टाकून चालवणाऱ्यांसाठी परीक्षण

नुसता गेम कसा आहे हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडे हा गेम घेणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात आपली टाटा कशी टाकायची, लेलँड कशी टाकायची? म्हणजे मॉड, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या आणि गेममध्ये वरून बसवायच्या फाइली. म्हणून हे परीक्षण मी मॉडच्या बाजूने लिहिते आहे. बाहेरून उतरवलेली फाइल गेममध्ये बसवणं किती सोपं आहे, किती भरवशाचं आहे, आणि बसवल्यावर गाडी चालवण्याचा आनंद वाढतो की कमी होतो, एवढंच बघायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. मॉड बसवण्याची इतकी सरळ सोय मी दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या गेममध्ये पाहिलेली नाही. मात्र बहुतेक जण जे मॉड सगळ्यात आधी टाकतात, ते खरं तर सगळ्यात शेवटी टाकायचे असतात.

मी धुळ्यात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, करते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आमच्या गावात भेटतात, त्यामुळे दिवसभर गाडी नंबर, वजन, भाडं, अॅडव्हान्स हेच चालू असतं. घरी नाना, म्हणजे माझे मोठे काका. त्यांची हयात आग्रा रोडवर स्टिअरिंग धरण्यात गेली. ट्रकच्या गेमकडे मी त्या नजरेने बघते: गाडी वजनाला गाडीसारखी वागते का, उतारावर भीती वाटते का, माल पोचल्यावर हिशोब पटतो का. रंगरंगोटी नंतर.

गेमची तोंडओळख थोडक्यात. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर या चेक कंपनीने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो आणला आणि आजतागायत त्याला नव्या आवृत्त्या येत आहेत. स्कॅनिया, व्होल्वो, मॅन, डॅफ, मर्सिडीज, रेनॉ, इवेको हे सात कंपन्यांचे ट्रक मुळातच मिळतात. नकाशा १:१९ या प्रमाणात लहान केलेला आहे, म्हणून गावं पटापट येतात, पण लांबच्या भाड्याला तास-दीड तास सहज जातो. नंतरच्या वर्षांत पूर्व युरोप, स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, स्पेन-पोर्तुगाल, पश्चिम बाल्कन, ग्रीस असे नकाशे वेगळे विकत घ्यायला निघाले. सेलमध्ये मूळ गेमवर ७५ टक्के सूट मिळते, तेव्हा घाई न करता सेलची वाट बघा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगावीशी वाटते. 'आपण डावीकडून चालवतो, यांच्याकडे उजवीकडून, सवय होत नाही' म्हणून बरेच जण नकाशाचा किंवा स्टिअरिंगचा मॉड शोधत फिरतात. त्याची गरजच नाही. गेममध्ये ब्रिटन आहे आणि तिथे वाहतूक डावीकडूनच चालते. पहिलं गॅरेज ब्रिटनमधल्या एखाद्या शहरात घ्या, सर्व्हिसमध्ये जाऊन केबिन उजव्या स्टिअरिंगची बसवून घ्या. आरशाची जागा, ओव्हरटेकचा अंदाज, गोल चौकात कोणाला जाऊ द्यायचं, सगळं आपल्या हाताच्या सवयीचं लागतं. समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या कॅलेला उतरलात की मग उजवी बाजू. ती सवयही नंतर होते.

आता फाइल बसवणं. दोन रस्ते आहेत. पहिला स्टीम वर्कशॉपचा, म्हणजे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या मॉडच्या विभागाचा: आवडलेल्या मॉडपुढे सबस्क्राइब दाबलं की तो आपोआप उतरतो, लेखकाने दुरुस्ती केली की आपोआप नवा होतो. ज्याला संगणकाचं फारसं कळत नाही त्याने इथून बाहेर पडूच नये. भरपूर चांगलं काम तिथे आहे आणि मूळ लेखकाचं नाव समोर असतं. अर्थात यासाठी गेम स्टीमवर विकत घेतलेला हवा. चोरीच्या कॉपीला वर्कशॉप नाही, आणि तिची आवृत्ती एक, मॉडची दुसरी, अशी कायमची ओढाताण राहते. इतकी वर्षं टिकलेल्या गेमला सेलमधले चार पैसे द्यायला जड वाटू नयेत.

दुसरा रस्ता हाताने बसवण्याचा. आपल्याकडचे बरेच मॉड याच रस्त्याने येतात, म्हणून जरा खोलात जाते. डॉक्युमेंट्समध्ये 'युरो ट्रक सिम्युलेटर २' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'मॉड' नावाचं फोल्डर. गेम जिथे इन्स्टॉल झाला आहे ते फोल्डर वेगळं; तिथे काहीही टाकायचं नाही, काहीही काढायचं नाही. उतरवलेली फाइल बहुधा आरएआर किंवा सेव्हन-झेड प्रकारची असते. ती उघडली की आत एससीएस एक्स्टेन्शनची, म्हणजे नावाच्या शेवटी '.scs' असलेली, फाइल मिळते. ती एकच फाइल उचलून मॉड फोल्डरमध्ये ठेवायची. एससीएस फाइल पुन्हा उघडत बसायचं नाही, गेम ती तशीच वाचतो. कधी कधी झिप उघडल्यावर आत एससीएस नसतेच, नुसती 'डेफ', 'व्हेइकल', 'मटेरियल' अशी फोल्डरं आणि 'मॅनिफेस्ट' नावाची फाइल दिसते. तेव्हा ती झिपच मॉड आहे असं समजा आणि जशीच्या तशी ठेवा.

यासाठी विंडोजमध्ये आधी फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग करून घ्या. ते मुळात लपवलेलं असतं आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. ट्रकचा मॉड म्हणून आलेली फाइल ईएक्सई, म्हणजे स्वतः चालणारा प्रोग्राम, निघाली तर तिला हातसुद्धा लावू नका, सरळ डिलीट करा. ट्रकच्या मॉडला इन्स्टॉलर लागत नाही. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं दिसलं तर ते पान तिथेच बंद करायचं.

मग गेम सुरू करून प्रोफाइल निवडायच्या पानावर मॉड मॅनेजर उघडायचा. डावीकडे हाताशी असलेले मॉड, उजवीकडे चालू केलेले. प्रत्येकाचं चित्र, लेखकाचं नाव, वर्णन आणि तो तुमच्या गेमच्या आवृत्तीशी जुळतो की नाही याची खूण. आणि उजव्या यादीतला क्रम. या क्रमावर सगळा खेळ आहे. भिंतीवर एकावर एक पोस्टर चिकटवावीत तसं हे असतं: दोन मॉड एकाच गोष्टीला हात घालत असतील तर वरचं दिसतं, खालचं झाकलं जातं. समजा दोन मॉड एकाच स्कॅनियाचा आवाज बदलतात. जो वर, त्याचा आवाज. म्हणून छोटे, एकच काम करणारे मॉड वर ठेवायचे. आवाज, हवामान, वाहतूक हे त्यात आले. त्यांच्याखाली ट्रक आणि ट्रेलर. मोठे नकाशे तळाला. नकाशाच्या मॉडचे चार-पाच तुकडे असतील तर 'डेफ' नावाचा तुकडा त्या गटात सगळ्यात वर, आणि बाकीच्यांचा क्रम लेखकाने दिला असेल तोच. तिथे स्वतःचं डोकं लावू नये.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र मॉड मॅनेजर नव्हे. मॉड फोल्डरच्या शेजारीच 'गेम लॉग' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. गेम प्रत्येक वेळी सुरू होताना ती नव्याने लिहितो. गेम मध्येच बंद पडला, ट्रक डीलरकडे दिसेना, चाकं हवेत तरंगायला लागली, काहीही झालं तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची आणि 'एरर' हा शब्द शोधायचा. त्या ओळीत कुठली फाइल सापडली नाही किंवा कुठली वाचता आली नाही, तिचा पूर्ण पत्ता असतो. एखाद्या पत्त्यात चाकाच्या टायरच्या फोल्डरचं नाव असेल तर टायरचा मॉड गुन्हेगार. सावली, आरसा, वायपर, सगळ्यांची तक्रार नावानिशी. आमच्या ऑफिसात माल कमी उतरला की आधी बिल्टी काढतात, मग पोचपावती, मग कुठल्या नाक्यावर गाडी किती वाजता होती ते बघतात. तशी नोंद इथे आपोआप ठेवलेली मिळते. ज्याला ती वाचता आली त्याला मॉडसाठी कोणाच्या मागे लागावं लागत नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या गेममध्ये ही सोय इतक्या नीट ठेवली आहे, याबद्दल बनवणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

आता कौतुक न करण्यासारखा भाग, म्हणजे हे मॉड जिथून उतरवले जातात त्या जागा. नावं घेत नाही, पण ज्यांनी शोधलं आहे त्यांना कळेल. पानावर डाउनलोडची चार बटणं, त्यातलं खरं एक. ते दाबलं की छोट्या लिंकवर पाठवणार, तिथे सेकंद मोजत बसा, मग दुसरं पान, मग नोटिफिकेशन चालू करा, मग कुठे फाइल. काही ठिकाणी फाइलला पासवर्ड आणि पासवर्ड बघायला वीस मिनिटांचा व्हिडिओ. याहून वाईट म्हणजे कोणीतरी रात्र रात्र जागून ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला ट्रक दुसराच माणूस नाव पुसून आपला म्हणून टाकतो, त्यावर जाहिराती कमावतो. मूळ लेखक नवी आवृत्ती काढतो, चोरलेली प्रत मात्र जुनीच फिरत राहते, आणि ती गेम बंद पाडते तेव्हा शिव्या मूळ लेखकाला बसतात. हे मला फार लागतं. म्हणून मॉड मॅनेजरमध्ये किंवा मॅनिफेस्टमध्ये लेखकाचं नाव बघा, त्याचं स्वतःचं पान शोधा आणि शक्यतो तिथूनच उतरवा. दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

भारतीय ट्रकांकडे येते, कारण वाचणाऱ्यांचं लक्ष तिथेच लागलेलं असणार. लांब नाकाची जुनी टाटा, लेलँडचं लाकडी बॉडीचं खोकं, आयशर, भारतबेंझ, सगळं फिरतं. बाहेरून काही काही खरोखर सुंदर आहेत. कपाळावर देवाचं नाव, आरशाला काळे गोंडे, लिंबू-मिरची, मागच्या फळ्यावर रंगवलेला मोर. 'हॉर्न ओके प्लीज' तर हवंच; २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ट्रकवर ते लिहायला बंदी घातली, पण मॉड बनवणाऱ्यांच्या ब्रशला ती लागू नाही आणि मला ते बघून बरं वाटतं. ज्यांनी फक्त रंगकाम केलं आहे, म्हणजे गेममधल्याच ट्रेलरवर आपल्याकडची चित्रं आणि अक्षरं चढवली आहेत, त्यांचं काम बहुधा चांगलं निघतं. चित्र ही साधी डीडीएस फाइल असते, त्यात देवनागरी अक्षर काढायला काहीच अडचण नाही, आणि असा मॉड गेमच्या दुसऱ्या कशाला धक्काही लावत नाही.

पूर्ण ट्रकचं तसं नाही. मी जेवढे भारतीय ट्रक टाकून बघितले त्यातले बरेचसे केबिनमध्ये बसल्याबरोबर उघडे पडतात. स्पीडचा काटा हलत नाही. आरशात मागची गाडी दिसायची तर तिथे राखाडी चौकोन. स्टिअरिंग फिरवलं की ते डॅशबोर्डात घुसतं. याचं एक कारण असं की मॉडेल दुसऱ्याच कुठल्या गेममधून उचलून इथे बसवलेलं असतं. दुसरं कारण जुनेपणा. २०२० मध्ये १.३७ आवृत्तीला गेमची आवाजाची सगळी पद्धत बदलली, तेव्हापासून त्याआधीचे आवाज वाजत नाहीत. गाडी मुकी होते. २०२१ मध्ये १.४० ला प्रकाशयोजना बदलली, म्हणून जुन्या मॉडचे दिवे कधी डोळे दिपवतात, कधी लागतच नाहीत. मॉडच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो तो यासाठी वाचायचा. 'सर्व आवृत्त्यांना चालतो' असं लिहिलेल्यावर माझा विश्वास नाही.

पण खरा दोष वजनात असतो. एक लेलँड मी फार हौसेने टाकली. दिसायला अशी की ऑफिसातले दोघं-तिघं ड्रायव्हर खुर्ची ओढून बसले. नानांना चालवायला दिली. संगणकाला जोडलेलं माझं स्टिअरिंग व्हील क्लचवालं आहे, ९०० अंश फिरतं, त्यामुळे त्यांना हात बसवायला वेळ लागला नाही. मागे वीस टनांच्या वर माल होता. पहिल्याच वळणानंतर त्यांनी व्हील सोडलं आणि म्हणाले, "हाई गाडी रिकामी शे." माल भरलेला आहे असं मी पडद्यावर दाखवलं. त्यांना पटलं नाही, आणि ते बरोबर होतं. मॉड करणाऱ्याने इंजिनला वाटेल तेवढी ताकद दिली होती आणि सस्पेन्शनच्या आकड्यांना हातच लावला नव्हता. चढावर गाडी मोटरसायकलसारखी निघायची.

मग मी त्यांना मॉड काढून मूळचा स्कॅनिया दिला, आणि सेटिंगमधल्या काही पट्ट्या हलवल्या. ही गोष्ट लोक दुर्लक्षित करतात म्हणून नीट लिहिते. गेमप्लेच्या सेटिंगमध्ये ट्रक आणि ट्रेलर किती स्थिर राहावेत, सस्पेन्शन किती कडक असावं, ब्रेक किती जोरात लागावेत याच्या पट्ट्या आहेत. हवेच्या ब्रेकचं खरं वागणं चालू करण्याचा पर्यायही आहे. तो चालू केला की सारखे ब्रेक मारून हवा संपवता येते आणि प्रेशर भरेपर्यंत गाडी जागेवर अडकते. स्थिरतेच्या पट्ट्या तळाला आणा, ब्रेकची ताकद कमी करा, हवेचे ब्रेक चालू करा. एकही फाइल उतरवायची गरज नाही आणि गाडी दुसरीच होते.

ऑस्ट्रियात आल्प्सच्या एका उतारावर नानांना सोडलं. मला वाटलं होतं ते ब्रेकवर पाय ठेवतील. त्यांनी उतार सुरू व्हायच्या आधीच गेर खाली घेतला, इंजिन ब्रेक लावला आणि पाय बाजूला काढून ठेवला. मी विचारलं, अजून उतार आलाच कुठे? तर नजर पडद्यावरून न काढता म्हणाले, "उतारवर गेर काढू नको, ब्रेक तापी जातस." सेंधव्याकडून पळासनेरला उतरताना बिजासन घाटात ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडलेल्या गाड्यांचं काय झालं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या उतारावर माझ्या लक्षात आलं की मॉड निवडताना कशाला आधी हात घालायचा. भौतिकशास्त्राचे, म्हणजे गाडीच्या वागण्याचे मॉड आधी. मग इंजिन आणि टायरचे आवाज. मग वाहतूक, कारण मुळातली वाहतूक फार शिस्तीची आहे. या तीन गोष्टी बसल्या की युरोपातला ट्रकसुद्धा ओळखीचा वाटतो. आणि त्या नसतील तर धुळ्याचा नंबर लिहिलेली लेलँडही परकीच राहते.

नकाशाचे मॉड हा वेगळा संसार आहे. त्यात प्रोमॉड्सचं नाव सगळ्यात मोठं आणि ते योग्यच आहे. आइसलँडपर्यंतचे रस्ते, लहान लहान गावांच्या कमानी, सगळं स्वयंसेवकांनी मिळून केलेलं. पण त्याला मूळ गेमचे विकतचे नकाशे लागतात, फाइल अनेक तुकड्यांत येते, सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवून सेव्हन-झिपने पहिलाच उघडायचा, आणि डेफची फाइल त्यांच्या साइटवर तुमच्या निवडीप्रमाणे तयार करून घ्यायची. फुकट उतरवायचं तर वेळ लागतो, थोडे पैसे दिले तर लवकर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करायला घेऊ नका. एखादा तुकडा अर्धवट राहिला की उघडताना नाव न सांगता नकार मिळतो आणि सगळं पुन्हा. मोठे नकाशे एकावर एक चढवायचे असतील तर संगणकात रॅमही तशी हवी. माझ्या मते एक नकाशा पुरतो. तोच बघून व्हायला हिवाळा जातो.

काहीही मोठं टाकण्याआधी नवं प्रोफाइल काढा. चालू प्रोफाइलमध्ये, जिथे तुमच्या पन्नास लाखांच्या गाड्या, ड्रायव्हर, कर्जं सगळं आहे, तिथे प्रयोग करायचे नाहीत. डॉक्युमेंट्समधलं प्रोफाइल्सचं फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर ठेवा. मॉडचा ट्रक वापरत असाल आणि तो मॉड काढायचा असेल तर आधी ट्रक विका, ट्रेलर विका, गॅरेज मोकळं करा, मग मॉड बंद करा. नाहीतर गेमला सेव्हमधली गाडी सापडत नाही. चालू भाडं संपवूनच मॉडला हात लावा, कारण नकाशा बदलला की हातातलं काम रद्द होतं. आणि गेमची नवी आवृत्ती आली की लगेच उडी मारू नये. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटा म्हणून एक भाग असतो, त्यातून जुन्या आवृत्तीवर थांबता येतं. तुमच्या मॉडच्या लेखकांनी दुरुस्त्या काढेपर्यंत तिथेच राहा. मित्रांबरोबर कॉन्व्हॉयमध्ये चालवायचं असेल तर सगळ्यांकडे तेच मॉड त्याच आवृत्तीचे हवेत, हे आधी बोलून ठेवा.

माझा भाचा हे सगळं ऐकून कंटाळतो. तो मोबाइलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया खेळतो, मलेओचा, २०१७ पासूनचा. त्याच्याकडे लालपरी आहे, शिवशाही आहे, समोर 'धुळे-सुरत' अशी पाटी आहे. तिथे मॉड बसवणं आणखी सोपं: बसिडव्हेइकल एक्स्टेन्शनची फाइल गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये ठेवली की गॅरेजमध्ये गाडी उभी. ज्याच्याकडे संगणक नाही त्याने जरूर तोच घ्यावा, एसटीची हौस पुरेपूर भागते. पण तिथे क्रम नाही, लॉग नाही, काय बिघडलं ते कळायला मार्ग नाही. गाडी चालली तर चालली. भाच्याला मी संगणकावर बसवून एरर वाचायला शिकवते आहे. इंग्रजी पत्ता एक एक फोल्डर करत मोठ्याने वाचतो आणि कुठल्या मॉडमधली फाइल ते शोधून काढतो. शाळेत संगणकाच्या तासाला याहून उपयोगाचं काही शिकवत असतील असं मला वाटत नाही.

शेवटी स्वतः मॉड करण्याबद्दल, कारण या गेमची खरी किंमत मला तिथे कळली. गेमच्या डेफ फाइली साध्या टेक्स्टच्या असतात. गेमचं कोठार उघडायचं साधन आणि ब्लेंडरसाठीची साधनं कंपनीच फुकट देते. ट्रक बनवणं माझ्या आवाक्यातलं नाही, पण माल बनवणं आहे. मालाच्या फाइलमध्ये नाव, प्रतिनग वजन, किलोमीटरमागे मिळणारा मोबदला, कुठल्या प्रकारच्या ट्रेलरमध्ये तो चढेल आणि 'फ्रॅजिलिटी', म्हणजे माल किती नाजूक, एवढं लिहायचं असतं. मग कुठल्या कंपनीतून तो निघेल आणि कुठे उतरेल ते कंपनीच्या फोल्डरमध्ये टाकायचं. मी केळी केली. वजन आमच्या ऑफिसातल्या कॅरेटच्या हिशोबाने, नाजूकपणा वरच्या टोकाला, ट्रेलर थंड. आता एक धक्का लागला की मोबदल्यातून नुकसान कापलं जातं आणि रस्त्यावरचा खड्डा दिसला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. सावदा-रावेरहून दिल्लीकडे केळी नेणाऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकलेली घाई या एका आकड्याने गेममध्ये आली. कुठल्याही मोराच्या चित्राने ती आली नव्हती.

मॅनिफेस्टमध्ये आवृत्ती नीट लिहून तो मॉड मी वर्कशॉपवर टाकणार आहे, फुकट. एक अडलेलं आहे ते मात्र विचारते. आपल्याकडे केळीचे घड उघड्या गाडीत खाली-बाजूला पाला घालून थेट रचतात, तशा भरलेल्या गाडीचं मॉडेल ब्लेंडरमध्ये करून देणारा कोणी खान्देशी वाचत असेल तर कळवा. फळ्याची उंची, घडाची लांबी, रचण्याची पद्धत, सगळी मापं मी सावद्याला जाऊन घेऊन देईन, आणि लेखक म्हणून पहिलं नाव तुमचं राहील.